सभापतीचा पाझर तलाव

सभापती आणि मी, दोघांनी मिळून शेवटचं साधं काम कुठलं केलं असेल, तर कराडच्या पेठेत जाऊन एक हिरवी साडी घेतली.

साडी कुणा बाईसाठी नव्हती. पाण्यासाठी होती. आमच्याकडं तलाव भरला की पाण्याची ओटी भरतात. साडी, खण, नारळ, हळदकुंकू. थोरामोठ्याच्या हातनं भरली म्हणजे पेपरात येतं. दुसऱ्या दिवशी आमच्या माळवस्तीखालच्या पाझर तलावाचं जलपूजन होतं, मुंबईहून मंत्री येणार होता. मांडव झाला होता, कमान झाली होती. तलावात पाणी नव्हतं, आणि साडी घ्यायची राहिली होती. त्यातली साडी तेवढी आम्ही घेतली.

दुकानदारानं गठ्ठा सोडला. सभापतीनं एकाही साडीला हात लावला नाही. म्हणाला, "हिरवीगार दे. फोटोत उठून दिसली पायजे." फोटो काळापांढरा निघतो हे त्याला कोण सांगणार? मग आम्ही स्टँडसमोर चहा घेतला. नऊ वर्षं घेत होतो तसाच. चहा एकच मागवायचा. तो कपातनं प्यायचा, आणि बशीत सांडलेल्यावर आणखी दोन घोट ओतून बशी मला द्यायचा. लोक म्हणायचे, बघा, ड्रायव्हरला दिल्याशिवाय चहा पीत नाही, केवढं मन! पहिल्या वर्षी मीही घरी येऊन बायकोला तेच कौतुकानं सांगितलं. ती म्हणाली, "बशी कुनाला देत्यात, ठावं हाय का? मांजराला."

ती आता नाही. सगुणा तिचं नाव. ह्या माघात गेली. नवऱ्याआधी गेलेल्या बाईला हिरवी साडी नेसवतात, म्हणून सुनेनं ट्रंक उघडली, तर तळाला ती कराडची साडी निघाली. एकदाही नेसलेली नाही. एका टोकाला चिखलाचा डाग, वाळून कातड्यासारखा झालेला. सून म्हणाली, "मामा, हीच नेसवू? नवीच हाय." मी म्हणालो, "ठेव ती खाली. दुसरी बघ." पोरगं माझ्यावर तडकलं, अशा वक्ताला दुसरी कुठनं आणायची? शेवटी शेजारणीनं आपली दिली. 

त्या साडीचं काय आहे ते पोराला ठाऊक नाही. साडी सांगायची तर सभापती सांगावा लागतो, आणि त्याचं नाव काढलं की आमच्या भागात लोक अजून हात जोडतात. म्हणून लिहून ठेवतो. मी चौथी पास आहे. चुकलं तर चुकलं. तो जिता होता तवर मी त्याला अहोजाहो केलं. आता माझं वय झालंय, आता नाही करत.

त्याला नाव होतं, आडनाव होतं, पण सगळे सभापतीच म्हणायचे. त्याची बायकोसुद्धा. घराणं पाटलाचं, ओढ्याकाठाला ऊस, उसाच्या डोक्याला विहीर. आधी सरपंच होता, मग बाजार समितीवर गेला, मग पंचायत समितीचा सभापती. जिथं खुर्ची होती तिथं तो होता. जिथं खुर्ची नव्हती तिथं त्यानं कमिटी काढली आणि मग खुर्ची आणवली. मी फौजेतनं गाडी चालवून सुटून आलेलो. समितीच्या जीपवर मला लावून घेतलं ते त्यानंच. तेवढं त्याचं देणं लागतो, म्हणून ते आधी लिहिलं. आता राहिलेलं लिहितो.

उंचीला बेताचा, पण बसला की उंच वाटायचा. धोतर असं पांढरं की चिखलातनं चालला तरी चिखल बाजूला सरकतोय असं वाटावं. अंगात काळा कोट, उन्हाळ्यातसुद्धा. कोटाला दोन मोठे खिसे. लोकांनी दिलेला अर्ज तो दोन्ही हातांनी घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि खिशात घालायचा. डाव्या खिशात गेला तर काम होणार. उजव्या खिशात गेला तर तो कराडच्या पुलावर गाडी हळू करायला सांगायचा, उजवा खिसा कृष्णामाईत मोकळा करायचा, आणि वर नदीला नमस्कार करायचा. पुढच्या आठवड्याला म्हातारी विचारायची, "सभापती, माज्या अर्जाचं?" हा म्हणायचा, "पुढं पाठवलाय आजी." नदी पुढंच जाते, खोटं कुठं बोलला? मला दोन्ही खिसे ठाऊक होते. एखादा गरीब माणूस हरखून घरी निघालेला दिसायचा, आणि मी त्याला काही सांगायचो नाही. स्टिअरिंग धरून पुढं बघायचो.

त्याची आणखी एक खूण होती. खरं बोलायचं असलं की तो गप्प बसायचा. खोटं बोलायचं असलं की औंधच्या यमाईची शपथ घ्यायचा. "यमाईशप्पथ" म्हणताना छातीवर हात, डोळे अर्धे मिटलेले. मामलेदारापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना ती शपथ पाठ. एकदा आमची गाडी औंधाला गेली. मी म्हणालो, "आता आलोच हाय तर वर डोंगरावर जाऊन देवीला भेटूया." त्यानं खालनंच हात जोडले. म्हणाला, "तिला वरनं सगळं दिसतंय रं ज्ञानू. जवळ जाऊन कशाला तरास द्यायचा?" नऊ वर्षांत मी त्याला भ्यालेला तेवढाच एकदा बघितला. 

शिराळ्याच्या नागपंचमीला त्याला मानानं बोलावलं होतं, तिथं त्याच्यापुढं हातभर अंतरावर जिवंत नाग फणा काढून डोलत होता, तवा नाही भ्याला. घरी येऊन सांगितलं तर सगुणा म्हणाली, "त्यो कशाला भिईल? नागानं वळखलं आसल, घरचंच मानूस हाय."

बाईच्या जिभेला हाड नव्हतं, असं गाव म्हणायचं. गाव काय म्हणंल.

वारं कुणीकडं फिरतंय हे सभापतीला कसं कळायचं, असं मला पुष्कळ जण विचारायचे. पेपर तो वाचत नव्हता. म्हणायचा, "पेपरात काल झालेलं येतंय. उद्याचं बघायचं तर शिपाई बघ. साहेबाच्या हापिसातला शिपाई कुणाची खुर्ची आधी पुसतोय, ते बघ." एकदाच शिपायाच्या आधी रेडिओला कळलं. आणीबाणी उठली होती, निवडणूक झाली होती. आम्ही सांगलीला निघालो होतो, सरकारच्या बाजूच्या एका पुढाऱ्याच्या सत्काराला. मागच्या सीटवर ओल्या फडक्यात गुंडाळलेला भला मोठा हार. पेठ नाक्यावर चहाला थांबलो. हॉटेलात रेडिओ लागलेला, भोवती ही गर्दी. दिल्लीतलं सरकार पडलं म्हणून सांगत होता. सभापतीनं बातमी शेवटपर्यंत ऐकली. चहा आला होता, तो त्यानं प्यायलाच नाही. कप तसाच माझ्याकडं सरकवला. त्या एका दिवशी मला कप मिळाला.

म्हणाला, "ज्ञानू, गाडी वळीव."

"कुनीकडं?"

"साताऱ्याकडं."

साताऱ्याला एक गृहस्थ होता, आणीबाणीत जेलात जाऊन आलेला. दीड वर्ष तो आत होता, तवर त्याच्या घरावरनं जाताना सभापती मला हॉर्न वाजवू द्यायचा नाही. त्याच्या दारात आम्ही उतरलो. हार तोच, गळा दुसरा. सभापतीनं त्या माणसाला मिठी मारली आणि ओक्साबोक्शी रडला. "तुम्ही आत होता, पण यमाईशप्पथ, माझा जीव बाहेर नव्हता!" खोटं कशाला लिहू, डोळ्यांतनं खरं पाणी येत होतं. धोतराचा सोगा भिजला. मला वाटतं, तेवढा वेळ त्याला ते खरंच वाटत होतं. लबाड माणसाचं एक बरं असतं, आपण लबाड आहे हे त्याच्या मनात तरी असतं. ह्याच्या मनात तेही नव्हतं.

आता तलाव.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या माळवस्तीवर पाणी कोसावरनं आणावं लागायचं. देवळापाशी एक विहीर, तिथं पाझरलेलं पाणी वाटीनं भरून घागरीत ओतायचं. वस्तीच्या बायांचा निम्मा दिवस त्यात जायचा. सरकारनं दुष्काळी काम काढलं, खडी फोडायची, माती उचलायची. तिथं ठरलं, ओढ्यावर पाझर तलाव बांधायचा. पावसाचं पाणी अडवायचं, ते जमिनीत मुरतं, मग आसपासच्या विहिरींना पाणी चढतं. कुठं बांधायचा ते बघायला साताऱ्याहून ओव्हरसियर आला. पोरगेलासा, चष्मा लावलेला. मी त्याला जीपमधनं फिरवत होतो.

सगुणा आटपाडीकडची. मेंढरामागं वाढलेली, लहानपणी कळपाबरोबर आमच्या माळावरही उतरलेली. शाळेचं तोंड बघितलेलं नाही, पण जमिनीवरनं चालताना तिला पायाला कळायचं, खाली काय आहे. डोक्यावरची पाटी खाली ठेवून ती ओव्हरसियरपुढं उभी राहिली. "सायेब, आवं, खाली कशाला जाताय? वर या. उंबरापाशी वड्याचा गळा हाय. खाली चिकन माती हाय. हितं आमची मेंढरं चैतातसुदीक बसायची न्हाईत, खूर रुतायचे."

तो हसला नाही, हे त्या पोराचं मोठेपण. उंबरापाशी दोन खड्डे घेतले. काळी चिकण माती निघाली, वर ओल, खाली दगडासारखी घट्ट. म्हणाला, "बाई, तुम्ही सांगता ते बरोबर आहे. इथं पाणी थांबेल, हळूहळू मुरेल, आणि तुमच्या वस्तीलाच चढेल." सभापती तिथंच होता. त्यानं सगळ्या बायांसमोर सगुणेला हात जोडले. "वहिनींचं शंभर टक्के बरोबर हाय. तलाव हितंच व्हनार. यमाईशप्पथ."

बायांनी टाळ्या वाजवल्या. मला शपथ ऐकू आली. मी खाली बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओव्हरसियर नव्हता, दुसराच एक जाडजूड माणूस होता. उंबर सोडून अर्धा मैल खाली, सभापतीच्या विहिरीच्या डोक्यावर जीप न्यायला सांगितली. तिथं सगळा मुरूम. पाणी ओतलं की चाळणीत ओतल्यासारखं. ते पाणी मुरून जाणार कुठं, तर सरळ खालच्या विहिरीत, विहिरीतनं उसात. जाडजूड माणसानं टेपेचं एक टोक माझ्या हातात दिलं. मी धरलं. आम्ही माप घेतलं, फक्कीच्या रेघा मारल्या. तेवढ्यात बायांची रांग कामावर आली. सगुणा सगळ्यात पुढं. रेघा बघून थांबली.

"टेप कुनी धरली?"

माझ्या हातात टेप होती. तरी तिनं विचारलं.

"मी."

ती पाटी उचलून कामाला गेली. वर्षभर त्याच बंधाऱ्यावर तिनं माती टाकली. न टाकून सांगते कुणाला? तिथं राबलं तर घरात मिलोची, त्या अमेरिकेच्या लाल ज्वारीची, भाकरी होती. पण घरात काही बिनसलं, मी आवाज चढवला, की ती एवढंच म्हणायची, "व्हय, तुमी टेप धरनारं."

तलाव झाला. पावसाळ्यात भरायचा आणि पाऊस उघडला की पंधरा दिवसांत तळ दिसायचा. सभापतीची विहीर मात्र चैत्रात काठोकाठ. विहिरीला त्यानं तारेचं कुंपण घातलं, कुंपणाला फाटक, फाटकाला कुलूप. आमच्या बाया त्या फाटकासमोरनं कोसावरच्या विहिरीला जायच्या.

तलावाचं उद्घाटन म्हणून काळ्या दगडाची कोनशिला बसवली होती. वर एका मंत्र्याचं नाव, खाली सभापतीचं. आणीबाणीत तो मंत्री बाजूला पडला. सभापतीनं कोनशिला उपटली, पालथी केली, पाठीवर नव्या मंत्र्याचं नाव कोरवलं आणि पुन्हा समारंभ केला. खालचं स्वतःचं नाव दोन्हीकडं. मग मुंबईतलं सरकारही बदललं, तिसराच मंत्री आला. पुन्हा पाथरवटाला बोलावणं. पाथरवट म्हातारा, अर्धा बहिरा, पण डोकं जाग्यावर. दगडाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "सभापती, द्येवानं दगडाला दोनच बाजू दिल्यात. तुमच्या तिसऱ्या सरकारला मी काय करू?"

सभापती क्षणभरसुद्धा थांबला नाही. "जाडीवर कोर."

आणि कोरलं. अजून आहे. बोटभर अक्षरांत, दगडाच्या कडेला. बघायचं असेल तर मान वाकडी करून बघावं लागतं.

तर त्या तिसऱ्या मंत्र्याच्या हातनं जलपूजन. ठरलं होतं भादव्यात, तवा तलावात पाणी होतं. मंत्र्याची तारीख पुढं पुढं गेली ती मार्गशीर्षात आली. तलाव ठणठणीत. सभापती डगमगला नाही. तलावाच्या तळाला बैलगाडीएवढा खड्डा काढला, आणि आपल्या विहिरीवरचं डिझेल इंजिन सुरू करून पायपानं पाणी वर सोडलं. दिवसभर. आम्ही कराडहून साडी घेऊन आलो तर खड्ड्यात गुडघाभर पाणी, त्यात मावळतीचं ऊन. सभापती काठावर उभा राहून म्हणाला, "ज्ञानू, बघ. तळं भरलं." मी म्हणालो, "व्हय." त्याच्याच विहिरीतलं पाणी वर जात होतं आणि खालनं मुरून त्याच्याच विहिरीत येत होतं. बैल घाण्याला फिरतो तसं.

सकाळी बघितलं तर खड्ड्यात नुसता चिखल. इंजिन सुरू केलं, तर पट्टा तुटला. पट्टा आणायला माणूस कराडला पळाला. आजवर एक मंत्री वेळेवर आलेला मी बघितला नव्हता. हा आला. धूळ उडवत चार गाड्या बंधाऱ्यावर. सनई सुरू झाली. मंत्री उतरला, हार घातले, तळाकडं बघितलं. त्याला वाटलं, पाणी मांडवापलीकडं असेल. सभापती त्याला बोलण्यात गुंतवून हळूहळू चालवत होता. कोटाच्या बगलेत घामाचे डाग दिसत होते.

त्याच वेळी बंधाऱ्यावरनं बाया पाणी घेऊन आल्या. वस्तीची वाट तीच. सगुणा पुढं. डोक्यावर पितळेची घागर, कमरेवर कळशी. कोसभर चालून आलेली. घागर काठोकाठ भरलेली, पण एक थेंब खांद्यावर नाही.

सभापतीच्या तोंडावर असा उजेड पडला की काय सांगू.

"वहिनी! जरा थांबा. तेवढी घागर द्या. पाव्हण्यांच्या हातनं पूजा हाय."

सगुणा थांबली. डोक्यावर घागर असली की मान हलवता येत नाही, त्यामुळं ती सरळ त्याच्याकडंच बघत होती. 

"ह्ये प्यायाचं हाय, सभापती. पूजंचं न्हाई. पूजंला तुमचं येवढं मोठं तळं हाय की."

मागं एक बाई फिस्सकन हसली. मंत्र्याच्या बरोबरचा कुणीतरी खोकला. सभापती हसतच होता. तो तिला परत काही बोलला नाही. तेच तर त्याचं कसब. मान वळवली, आणि बशी पुढं करावी तशा मऊ आवाजात मला म्हणाला, "ज्ञानू, घे रं ती घागर."

मी लिहायला बसलो तो इथपर्यंत यायचं म्हणून बसलो. आता हात थांबतोय.

सात वर्षांत मी शंभरदा मनात ठरवलं होतं. परत टेप हातात आली तर धरायची नाही. टेप आली नाही, घागर आली. घरात पोरगं लहान होतं, समितीची नोकरी होती, समोर मंत्री होता. आणि खरं सांगायचं तर यातलं काहीच त्या वेळेला मनात आलं नाही. तो 'घे' म्हणाला आणि माझे पाय चालले. नऊ वर्षांची सवय. कुत्र्यालाही एवढी नसेल.

मी तिच्यासमोर उभा राहिलो. तिनं माझ्याकडं बघितलं. हिसकावून घ्यावी लागेल असं वाटलं होतं. तिनं कळशी खाली ठेवली, दोन्ही हातांनी आपणच घागर उतरवली आणि माझ्या हातात दिली.

"सांडू नगा," म्हणाली.

मी घागर न सांडता खाली नेली. मंत्र्यानं हात लावला, सभापतीनं हात लावला, आणि दोघांनी मिळून ती खड्ड्यात ओतली. भटजी हळदकुंकू टाकतोय, वर हिरवी साडी ठेवतोय, सभापती नारळ उचलतोय, तोवर पाणी गेलं. नारळ फुटायच्या आधी गेलं. नुसतं गेलं नाही, चळ्ळ असा आवाज करून गेलं. चिखलावर पिवळा-तांबडा डाग आणि त्यावर साडी. सनईवाला थांबला. मंत्री खड्ड्याकडं बघतोय, मग सभापतीकडं. दोनशे माणूस त्या दोघांकडं बघतंय. मला वाटलं, आता. आता ह्याला बोलायला जागा राहिली नाही. देवीनं आज वरनं बघितलं.

सभापतीनं दोन्ही हात वर केले.

"मुरलं!" तो ओरडला. "बघितलंत, साहेब? मुरलं! साठवण तलाव असता तर पाणी साठलं असतं. हा पाझर तलाव आहे. मुरणं हेच त्याचं काम! आमच्या मायमाऊलींच्या कष्टाचा हा तलाव, यमाईशप्पथ, सबंध जिल्ह्यात असा मुरणारा तलाव नाही!"

आधी मंत्र्यानं टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. मीही हातातली रिकामी घागर काखेत धरून टाळी वाजवली. वर बंधाऱ्यावर बाया उभ्या होत्या, तिथं तेवढी टाळी नव्हती.

समारंभ उरकला. सभापतीनं चिखलातली साडी उचलली, झटकली, माझ्या खांद्यावर टाकली. "वहिनींना दे. म्हणावं, पयला मान तुमचा." मग तो मंत्र्याच्या गाडीत बसला. गाडी सुटताना त्यानं काच खाली करून मान बाहेर काढली. मला वाटलं तलावाकडं बघतोय. तो विहिरीकडं बघत होता, पाणी किती चढलं ते. बघितलं, समाधानानं मान हलवली, काच वर केली. मी त्याला बघितला तो तेवढाच शेवटचा. पुढं पाच-सहा वर्षांनी तो वारला तवा तिन्ही मंत्र्यांची माणसं हार घेऊन आली म्हणतात. मी गेलो नाही. 

घरी आलो तर सगुणा नव्हती. रिकामी कळशी दाराशी. तेवढं पाणी पोराला आणि म्हशीला संपलं होतं. ती दुसरी घागर मागून घेऊन परत विहिरीवर गेली होती. ऊन डोक्यावर आल्यावर आली. मी साडी पुढं केली. निरोप सांगायचं धाडस झालं नाही. तिनं डाग बघितला, साडीची घडी घातली, ट्रंकेच्या तळाला ठेवली.

"पान्याची हाय ती," म्हणाली. "वस्तीला पानी आलं की नेसीन."

बस्स. घागर कुणी घेतली, असं तिनं विचारलं नाही. मी दिवसभर वाट बघत होतो. जेवताना विचारंल, दिवा लावताना विचारंल. नाही विचारलं. विचारलं असतं तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप दारात उभी होती. शेजारचा पोलीस पाटील समितीकडंच निघाला होता, त्याच्या हातात मी किल्ली दिली. सांगितलं, "त्यांना म्हणावं ज्ञानू आजपास्नं येत न्हाई." त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मग मी चुलीमागची घागर घेतली, घागर टेकायला धडप्याची गोल चुंबळ वळली, डोक्यावर ठेवली आणि बाहेर पडलो.

आमच्याकडं गडीमाणूस डोक्यावर घागर घेत नाही. पारावर चार जण बसले होते. एक म्हणाला, "काय रं ज्ञानू, सरकारनं जीपला चाकं काढून घेतली व्हय?" दुसरा म्हणाला, "आरं, मंत्री परत येनार आसल पूजंला." मी चालत राहिलो. विहिरीवर बाया बाजूला झाल्या, पदर तोंडाला लावून हसल्या, मग एकीला दया आली, तिनं घागर भरून डोक्यावर चढवली. कोसभर वाट. चुंबळ सुटली, मान ताठली, पाणी कानावरनं, मानेवरनं, पाठीवरनं खाली. सभापतीच्या फाटकासमोर आलो तर आत इंजिनाला नवा पट्टा लागला होता, पाणी उसाला धो धो चाललं होतं. मी मान वळवू शकत नव्हतो. ते बरं झालं.

घरी आलो तवा सगुणा दारात उभी होती. हात न लावता घागरीत डोकावली. माझ्या भिजलेल्या सदऱ्याकडं बघितलं.

"निम्मी सांडलीसा," म्हणाली.

तिनं घागर उतरवून घेतली, माझ्या डोक्यावरची सुटलेली चुंबळ काढली, पिळली.

"उंद्या मी बांधून देते," ती म्हणाली. "ही न्हाई ऱ्हायाची."